गाडीच्या घरगुती रंगकामाला कारखान्यासारखी चमक कशी आणावी?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या राखाडी मेटॅलिक रंगाच्या हॅचबॅकच्या डाव्या बाजूच्या मागच्या दाराला लोखंडी फाटकाची कडी घासली गेली. ओरखडा थेट पत्र्यापर्यंत गेला आणि त्याच्या टोकाला तळहाताएवढा उथळ पोचा पडला. विम्याचा दावा केला असता, तर नूतनीकरणाच्या वेळी मिळणारी ५० टक्के नो क्लेम बोनसची सवलत हातची गेली असती आणि ती रक्कम एका दाराच्या कामापेक्षा मोठी होत होती. म्हणून विश्रामबागेतील आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये हे काम स्वतःच हाती घेतले.

पोच्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याची पुटी, भरली, ती वाळल्यावर ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून घासली, त्यावर स्प्रेच्या डब्यातील प्रायमर मारला, दाराच्या खांबावरील पट्टीवर छापलेल्या कलर कोडनुसार दुकानातून डब्यात भरून घेतलेला रंग मारला आणि शेवटी डब्यातलेच क्लिअर लॅकर (वरचा पारदर्शक थर) दिले. छटा इतकी चांगली जुळली आहे की सावलीत जोड ओळखू येत नाही. अडचण आहे ती चमकेची. लॅकर मारले त्या संध्याकाळी दार लखलखत होते, परंतु पुढील काही दिवसांत ती लकाकी हळूहळू उतरत गेली आणि आता दुरुस्त केलेला भाग कारखान्याच्या मूळ रंगाशेजारी धूसर दिसतो. रबिंग (कंपाऊंड लावून घोटणे) केल्याने चमक परत येईल का, आणखी लॅकर मारावे का, की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

माहुलीकर (सातारा)

नमस्कार. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टी विचारतो. चमक उतरण्याची कारणे अनेक असतात, प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो आणि कारण न कळता रबिंगला हात घातला, तर उरलेले लॅकरही निघून जाते.

रात्री पार्किंगमधील ट्यूबलाइट लावा आणि दारात तिचे प्रतिबिंब पाहा. आधी कारखान्याच्या रंगावर पाहा, मग तिथूनच नजर सरकवत दुरुस्त केलेल्या भागावर आणा. ट्यूबच्या कडा तुटक, वेड्यावाकड्या दिसल्या तर पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड आहे आणि लॅकर पुरेसे पसरलेले नाही. कडा सरळ असूनही प्रकाश विटलेला, आजूबाजूला सांडल्यासारखा दिसला, तर खडबड नसून बारीक धूसरपणा आहे. प्रतिबिंबात एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसल्या तर त्या खालच्या कागदाच्या आहेत. रंगावर दुधाळ झाक असेल तर दमटपणाने घात केला आहे. त्यानंतर स्वच्छ हाताच्या बोटांची टोके हलकेच फिरवा. हाताला रवाळ लागले तर तो कोरडा फवारा, म्हणजे थेंब दारावर पोचण्याआधीच अर्धे वाळले होते.

आणखी एक गोष्ट नीट पाहून सांगा. धूसर भागाचा आकार साधारण लांबीच्या आकाराएवढाच आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

माहुलीकर साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. पोच्याच्या जागी ट्यूबची कडा सरळ आहे, हाताला गुळगुळीतही लागते, पण प्रकाश विटका आहे. तिरप्या नजरेने पाहिल्यावर लांबीची कडा चक्क आखून काढल्यासारखी दिसते. दाराच्या मुठीभोवती मात्र रवाळ लागते आणि तिथे ट्यूब तुटक दिसते.

माहुलीकर (सातारा)

मग आपल्या दारावर दोन वेगळे दोष आहेत. मुठीभोवतीचा कोरडा फवारा हा किरकोळ दोष आहे. तिथे हात वळवताना डबा लांब गेला असणार किंवा तिरपा झाला असणार. लांबीच्या जागेचे प्रकरण मात्र मुळातले आहे.

एनसी लांबी ही नखाने काढलेला ओरखडा किंवा सुईच्या टोकाएवढी छिद्रे बुजवण्यासाठी असते. ती केवळ थिनर उडून वाळते आणि जाड भरली की वरून वाळलेली वाटली तरी आत ओली राहते. तिच्यावर प्रायमर, रंग आणि लॅकर आले की त्या सगळ्यांतील थिनर ती शोषून घेते, फुगते आणि पुढे अनेक दिवस हळूहळू बसत जाते. वरचे लॅकर तिच्याबरोबर खाली ओढले जाते. पहिल्या संध्याकाळची लकाकी ही ओल्या थराची लकाकी होती. थिनर उडून गेल्यावर खालचा चढउतार वर उमटला आणि लांबीचा नकाशा दिसू लागला. माझे स्पष्ट मत असे आहे की चमक ही शेवटच्या डब्यातून किंवा पॉलिशच्या बाटलीतून येत नाही, ती खालच्या प्रत्येक थराच्या सपाटपणातून येते. क्लिअर त्या सपाटपणाला दाखवते आणि पॉलिश वरवरचे ओरखडे काढते. तुम्ही आता रबिंग केलेत, तर थोडे दिवस बरे वाटेल आणि लांबी आणखी बसली की तोच नकाशा पुन्हा दिसेल.

म्हणून त्या जागी पत्र्यापर्यंत जावे, असा माझा सल्ला आहे. पोच्यासाठी हार्डनर घालून मळण्याची पॉलिएस्टर लांबी वापरा. हार्डनरचे प्रमाण लांबीच्या वजनाच्या २ ते ३ टक्के ठेवा. लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर घातले, तर ते पुढे वरच्या रंगात डाग उमटवते. पी ८० च्या कागदाने (आकडा मोठा तितका कागद बारीक) आकार द्या, पी १८० आणि पी ३२० ने त्याचे ओरखडे काढा आणि कडा इतक्या निमुळत्या करा की डोळे मिटून हात फिरवल्यावर जोड लागू नये. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर द्या आणि त्यावर टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) सरफेसर, म्हणजे घासून सपाट करण्याचा जाड प्रायमर. सरफेसर वाळला की काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवून ठोकळ्यावर पी ४०० ने घासा. जिथे काळे ठिपके उरतात तिथे खड्डा असतो आणि जिथे काळे आधी जाऊन पत्रा दिसू लागतो तिथे उंचवटा. ही काळ्या फवाऱ्याची पायरी घरी काम करणारे बहुतेक सगळे जण गाळतात, आणि चमकेची निम्मी लढाई नेमकी तिथेच असते. शेवटी पी ६०० व पी ८०० करून मगच रंगाकडे वळा. बोटांनी कागद दाबून घासू नका, कारण बोटांच्या मधल्या फटींचे चर पृष्ठभागावर पडतात आणि ते क्लिअर मारल्यावरच दिसतात.

रंगाविषयी थोडक्यात सांगतो. मेटॅलिकचा बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) वाळल्यावर निस्तेज दिसतो आणि तो तसाच असायला हवा. त्याला घासू नका, कारण त्यातील ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांची दिशा बिघडते आणि डाग दिसतो. दोन-तीन पातळ हात मारा, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा थोडा पुढे नेत विरवा आणि क्लिअर मात्र दुरुस्तीपुरते न देता संपूर्ण दारावर, कडेपासून कडेपर्यंत द्या. दाराच्या मधोमध संपवलेल्या क्लिअरची कडा आज लपली, तरी काही पावसाळ्यांनंतर तिथूनच पापुद्रा सुटू लागतो.

हरिपूर_संगम (सांगली)

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माहुलीकर यांनी सांगितलेल्या गोष्टींमागचे कारण मांडावेसे वाटते, कारण ते समजले की कोणता डबा घ्यावा हे आपोआप ठरवता येते.

बाजारात मिळणारे साधे वन-के (हार्डनर नसलेले) लॅकर द्रावक उडून जाण्याने वाळते. त्यातील बहुवारिकाचे (पॉलिमरचे) रेणू एकमेकांशी रासायनिक बंध तयार करत नाहीत, त्यामुळे वाळलेल्या थरावर पुन्हा थिनर किंवा पेट्रोल सांडले की तो थर मऊ पडतो. डब्यातील बराचसा भाग द्रावक आणि वायू यांचाच असल्याने मागे राहणारा थरही पातळ असतो. टू-के क्लिअरमध्ये हार्डनरमधील आयसोसायनेट मुख्य रेझिनच्या हायड्रॉक्सिल गटांशी अभिक्रिया करते आणि सगळ्या थराचे एकच जाळे तयार होते. द्रावक त्यातूनही उडते, परंतु जाळे आधीच धरलेले असल्यामुळे थर फारसा बसत नाही. कृष्णाकाठ यांच्या दारावर दिसते तशी नंतर उतरणारी चमक टू-के मध्ये पुष्कळ कमी आढळते, त्यामागे हे कारण आहे. कारखान्यात हीच भूमिका सुमारे १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेला थर बजावतो. दुरुस्तीच्या कामात काच, रबर आणि प्लॅस्टिक गाडीवरच असल्याने साधारण ६० अंशांपर्यंतच तापवता येते.

एक सावधगिरी घ्यावी. नुकत्याच मारलेल्या वन-के लॅकरवर टू-के मारले, तर त्याचे तीव्र द्रावक खालच्या थरात शिरून त्याला सुरकुत्या पाडू शकते. म्हणून जुन्या लॅकरवरच टू-के चढवण्याचा मोह टाळावा.

आता हवामान. द्रावक वेगाने उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते आणि पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असेल तर तिच्यातील पाणी ओल्या थरावर उतरते आणि दुधाळ झाक येते. पावसाळ्यात साताऱ्यात, आणि त्याहून अधिक मेढा-महाबळेश्वरच्या पट्ट्यात, वन-के लॅकरचे काम उघड्यावर न केलेले बरे. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे दव होते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असावे, हा रंगकामातील सर्वमान्य नियम आहे. आमच्याकडे कृष्णेच्या काठाला हिवाळ्याच्या पहाटे धुके असते आणि रात्रभर उघड्यावर उभ्या गाडीचा पत्रा सकाळी हवेपेक्षाही गार असतो. अशा दिवशी ऊन चढून पत्रा कोरडा व कोमट होईपर्यंत, म्हणजे दहा-साडेदहापर्यंत थांबावे. मे महिन्यातील सांगलीच्या दुपारी याच्या नेमकी उलट अडचण असते. पत्र्याचा हाताला चटका बसतो, थेंब पसरण्याआधीच वाळतो आणि मुठीभोवती जे झाले आहे ते सगळ्या दारभर होते.

तासगावकर (तासगाव)

हरिपूर ताईंच्या मुद्द्याला स्थानिक जोड देतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा रंगकामाला उत्तम खरी, परंतु तेव्हाच गळीत हंगाम सुरू झालेला असतो. तोडणी झालेल्या फडातील पाचट पेटवले की काजळीचे काळे, हलके तुकडे वाऱ्याबरोबर दूरवर येतात. ओल्या क्लिअरवर असा तुकडा बसला आणि तो बोटाने उचलायला गेले, तर तो चुरतो आणि त्याची रेघ क्लिअरमध्ये मिसळते. त्याला हात लावू नये. थर पूर्ण वाळल्यावर पी २००० च्या लहान तुकड्याने तेवढाच भाग घासून काढावा. फवारणीपूर्वी फरशीवर पाणी मारून धूळ बसवावी, पाणी साचू देऊ नये आणि फवारणी चालू असताना पंखा लावू नये.

तेल आणि सिलिकॉनविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. डॅशबोर्ड आणि टायर चमकवण्याच्या बहुतेक फवाऱ्यांत सिलिकॉन असते. त्याचा अंश दारावर राहिला, तर रंग त्या जागेवरून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. ते घासून जात नाहीत. काम करण्याच्या जागेत काही दिवस असे फवारे वापरूच नयेत आणि डोक्याला तेल लावलेला हात कपाळावरून दारावर जाऊ देऊ नये. पुष्कळ जण पत्रा पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसतात. रॉकेल मागे तेलकट पडदा ठेवते आणि पेट्रोलही पूर्ण स्वच्छ नसते. मेण व तेल काढण्याचे जे द्रावण रंगाच्या दुकानात मिळते तेच घ्यावे. एका कापडाने ओले करावे आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलून घ्यावे. एकच कापड फिरवत राहिल्यास तेल जागेवरून हलते, निघत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. म्हणजे लांबी काढून पॉलिएस्टर लांबी, इपॉक्सी, टू-के सरफेसर आणि वर टू-के क्लिअर, असा क्रम ठरतो. ऑनलाइन टू-के क्लिअरचे असे डबे मिळतात की ज्यांच्या तळाचे बटण दाबले की आतील हार्डनर मिसळते. सरफेसर आणि क्लिअर, दोन्ही तसेच आणून पार्किंगमध्ये मारावे का?

मिरजकर (मिरज)

पार्किंगमध्ये मारू नये. कुपवाड औद्योगिक वसाहतीत सुरक्षेशी संबंधित काम करत असल्याने या विषयावर मला आग्रहाने लिहावे लागत आहे.

टू-के हार्डनरमधील आयसोसायनेटचा फवारा श्वासावाटे गेला, तर फुप्फुसांना त्याची संवेदनशीलता येऊ शकते. एकदा ती आली की पुढे अगदी अल्प प्रमाणातही दम्याचा झटका येतो आणि ती बहुधा कायम राहते. वासावरून धोक्याची कल्पना येत नाही, कारण वास जाणवण्याच्या आधीच प्रमाण घातक पातळीवर गेलेले असू शकते. कापडी मास्क, रुमाल किंवा धुळीसाठीचा पांढरा मास्क यांचा येथे काहीही उपयोग नाही. व्यावसायिक बूथमध्ये (फवारणीच्या बंदिस्त खोलीत) बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. सेंद्रिय वाफा आणि कण दोन्ही अडवणारी काडतुसे बसवलेला चांगला मुखवटा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोळ्यांना बंदिस्त चष्मा ही त्याखालची किमान पायरी आहे, आणि तीही मोकळ्या, वाहत्या हवेत. इमारतीच्या पार्किंगमध्ये तुमच्याखेरीज खेळायला उतरलेली मुले असतात, वॉचमन असतो, वरच्या मजल्यांच्या उघड्या खिडक्या असतात. त्यांच्यापैकी कोणीही मुखवटा घातलेला नसतो.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती जमिनीलगत सरकत जाते. तळमजल्यावरील घरातील देवघरात समई तेवत असेल, गॅस गीझर चालू असेल किंवा पाण्याच्या पंपाचा स्विच जवळ असेल, तर ती तिथपर्यंत पोचून पेट घेऊ शकते. हे वन-के डब्यांनाही तितकेच लागू आहे.

माझी सूचना अशी आहे की लांबी भरणे, घासणे, पुसणे आणि मास्किंग (रंग नको तो भाग झाकणे) ही मेहनतीची व वेळखाऊ कामे घरी करावीत आणि टू-के ची फवारणी बूथ असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्यावी. तयार करून आणलेल्या दारावर केवळ फवारणी करून देणारे कारागीर कुपवाड, मिरज आणि सांगली परिसरात विचारल्यावर मिळतात. घासतानाही धूळ रोखणारा मास्क लावा आणि शक्य तिथे पाण्यावर घासा. पॉलिएस्टर लांबी मात्र कोरडीच घासा, कारण ती पाणी धरून ठेवते आणि पुढे खालून फोड येतात.

माहुलीकर (सातारा)

मिरजकर यांच्याशी पूर्ण सहमत आहे. माझ्या पिढीतील अनेक पेंटर तोंडाला फक्त रुमाल बांधून काम करत आले आणि त्यांचे खोकले मी जवळून ऐकले आहेत. सरफेसर आणि क्लिअर बूथमध्येच मारून घ्या. त्यामुळे दोन फेऱ्या होतील, पण मधली काळ्या फवाऱ्याची घासणी तुमच्या हातात राहील.

ज्यांना बंपरच्या कोपऱ्यावरील छोट्या जागेसाठी मोकळ्या अंगणात वन-के डबाच वापरायचा आहे, त्यांच्यासाठी थोडे लिहितो. डबा गार असेल तर थेंब मोठे पडतात. म्हणून फवारणीपूर्वी तो हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात काही मिनिटे उभा ठेवा. उकळते पाणी, शेगडी किंवा ऊन यांचा वापर कधीही करू नका, कारण ५० अंशांच्या वर डबा फुटण्याचा धोका असतो. आतील गोळी वाजू लागल्यावरही दोन मिनिटे हलवत राहा. फवारा सोडताना आतला वायू फुलून डबा पुन्हा गार पडतो आणि दाब उतरतो, म्हणून दोन डबे आलटून पालटून वापरले की शेवटच्या हातापर्यंत फवारा सारखा राहतो. अंतर २० ते २५ सेंटिमीटर ठेवा, हात मनगटातून न फिरवता खांद्यापासून समांतर न्या, बटण दाराच्या बाहेर दाबा आणि बाहेरच सोडा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पहिला हात विरळ द्यायचा. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही, इतका सुकला की दुसरा हात भरपूर ओला द्यायचा. ओघळ येईल या भीतीने दुसरा हातही विरळच देतात आणि संत्र्याची साल तिथेच जन्म घेते. डोळे दारावर न ठेवता दारात पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रतिबिंबावर ठेवा, म्हणजे थर कुठे जुळून आला आणि कुठे कोरडा राहिला ते हात चालू असतानाच दिसते.

बंपर प्लॅस्टिकचा असल्याने उघड्या प्लॅस्टिकवर आधी प्लॅस्टिक प्रायमर देणे आवश्यक आहे, एवढे लक्षात ठेवा.

यवतेश्वर (सातारा)

क्लिअर वाळल्यानंतरच्या घासणीबद्दल आणि रबिंगबद्दल लिहितो, कारण बूथमधून आलेल्या कामावरही थोडी साल आणि दोन-चार कण असतातच.

प्रथम थराचा हिशेब. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते आणि त्यातील क्लिअर केवळ ३५ ते ५० मायक्रॉन. क्लिअरच्या वरच्या भागातच ऊन झेलणारी द्रव्ये कामाला येत असतात, म्हणून घासून काढायचा भाग कमीत कमी असावा. बूथवाल्याला आधीच सांगून ठेवा की नंतर घासणी करायची आहे. म्हणजे तो दोन पूर्ण ओले हात देईल. वन-के लॅकरचा पातळ थर या घासणीत सहज संपतो.

टू-के क्लिअर नुसत्या हवेवर वाळले असेल तर निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्या. नख दाबून खूण उमटली तर आणखी थांबा. वन-के असेल तर काही आठवडे थांबलेले चांगले. पी १५०० व पी २००० चे वॉटर पेपर आधी पाण्यात भिजत ठेवा आणि पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाका. बोअरचे जड पाणी वापरू नका, ते वाळले की पांढरे डाग पडतात आणि त्यात वाळूचा कण असला तर नवा ओरखडा पडतो. दाराच्या कडा आणि पत्र्याला घडी दिलेल्या रेषेचा उंचवटा यांवर मास्किंग टेप लावा, कारण तिथे थर सर्वांत पातळ असतो आणि कागद सर्वाधिक जोराने लागतो.

पी १५०० चे कण सरासरी १२.६ मायक्रॉनचे आणि पी २००० चे १०.३ मायक्रॉनचे असतात. यावरून लक्षात येईल की एक जास्तीचा ओरखडाही थराच्या मानाने लहान नसतो. मऊ रबरी ठोकळ्यावर कागद ठेवून हलक्या हाताने काही फेरे मारा, पाणी पुसून टाका आणि तिरप्या प्रकाशात पाहा. उंचवटे मॅट झालेले असतात आणि खोलगट जागी बारीक चमकदार ठिपके राहिलेले असतात. ते ठिपके संपून सगळे एकसारखे मॅट दिसू लागले की तिथेच थांबा. घासताना निघणारे पाणी दुधासारखे पांढरे असले, तर फक्त क्लिअर निघत आहे. त्यात दाराच्या रंगाची छटा आली, की त्या क्षणी हात उचला. क्लिअर तिथे संपले आहे आणि रबिंगने ते परत येत नाही. पी २००० नंतर शक्य असल्यास पी ३००० ची फोमची चकती फिरवा. रबिंगचा वेळ त्याने निम्म्यावर येतो.

रबिंगसाठी फोमचा पॅड आणि कमी वेगाचे मशिन असावे. कंपाऊंड थोडेच घ्या, एका वेळी दोन वीत लांब-रुंद भाग धरा आणि अधूनमधून हाताच्या पाठीने पत्रा किती तापला ते पाहा. कोमट चालेल, गरम झाला तर थांबा. उन्हात हे काम करू नका. कंपाऊंडनंतर स्वच्छ पॅडवर बारीक पॉलिश द्या. पॅड बदलला नाही तर जाड कंपाऊंडचे कण पॉलिशमध्ये येतात आणि गडद रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात.

पलूसकर (पलूस)

उत्तम चर्चा चालू आहे. माझ्याकडे साध्या पांढऱ्या रंगाची जुनी गाडी आहे आणि तिचे छत खडूसारखे झाले आहे. बोट फिरवले की पांढरी पूड येते. तिलाही हेच करावे लागेल का?

यवतेश्वर (सातारा)

पलूसकर, पांढऱ्या कापडावर पांढरी पूड ओळखता येणार नाही, म्हणून काळ्या कापडावर थोडे कंपाऊंड घेऊन छताच्या कोपऱ्यात घासा. कापड पांढरे झाले तर वर क्लिअर नाही, रंग आणि चमक एकाच थरात आहेत आणि वरची उन्हाने मेलेली परत काढली की खाली चांगला रंग मिळण्याची शक्यता मोठी आहे. अशा छतावर घासणीशिवाय केवळ रबिंगनेही पुष्कळ फरक पडतो. कापड स्वच्छ राहिले आणि छतावर पापुद्रे सुटलेले असतील, तर ते क्लिअर निकामी झाले आहे आणि ते पूर्ण काढून नवे दिल्याशिवाय इलाज नाही. आपण वर्णन केले आहे त्यावरून मला पहिली शक्यता अधिक वाटते.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांच्या सांगण्यानुसार काम नव्याने सुरू केले आहे. लांबी पत्र्यापर्यंत काढली, तेव्हा तिचा मधला भाग नखाने टोकरता येईल इतका मऊ निघाला. पॉलिएस्टर लांबी भरून कडा निमुळत्या केल्या आणि सरफेसर बूथमध्ये मारून घेतला. काळ्या फवाऱ्यानंतर घासताना ओरखड्याच्या खालच्या टोकाला काळी रेघ शिल्लक राहिली, जी साध्या नजरेला अजिबात दिसत नव्हती. तेवढी जागा भरून पुन्हा घासली आहे. रंग आणि क्लिअरसाठी गाडी त्याच गॅरेजमध्ये द्यायची आहे आणि अंतिम घासणी व रबिंग घरी करणार आहे. एकच शंका उरली आहे. काम झाल्यावर मेण कधी लावावे आणि गाडी धुण्यास कधी सुरुवात करावी?

माहुलीकर (सातारा)

काम योग्य मार्गावर आहे. गॅरेजमधून गाडी घेताना क्लिअर ६० अंशांवर भाजले की नुसत्या हवेवर वाळवले, ते विचारून घ्या, कारण घासणीसाठी किती थांबायचे ते त्यावर ठरते. साध्या पाण्याने धुणे काही दिवसांनी चालेल, शाम्पू मात्र निदान एक आठवडा वापरू नका. मेण किंवा कोणतेही सीलंट महिनाभर लावू नका, कारण थरातील उरलेले द्रावक त्या काळात बाहेर पडत असते आणि त्याची वाट बंद झाली की चमक पुन्हा मंदावते. त्या महिन्यात दारावर पक्ष्याची विष्ठा पडली, तर ती त्याच दिवशी भरपूर पाण्याने भिजवून, न घासता उचलून काढा. ताज्या क्लिअरवर तिचा डाग काही तासांतच खोल जातो. गाडी कडुनिंबाखाली किंवा आंब्याखाली उभी करत असाल, तर तेवढा महिना जागा बदला.